थोरलीचा श्वास

आरोग्य केंद्रात डॉक्टर यायचे आणि जायचे. कुणी वर्षभर टिकायचा, कुणी सहा महिन्यांत बदली करून घ्यायचा, एकाने तर सामानाची पेटीसुद्धा उघडली नव्हती. टिकली ती सिस्टर. बावीस वर्षं तीच खोली, तीच खिडकी आणि खिडकीबाहेर दगडाच्या खाणीकडे चढत जाणारा तोच धुळीचा रस्ता. तिला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळ्यांची ती सिस्टर. खाणीतले धिप्पाड गडी इंजेक्शनासाठी दंड पुढे करून डोळे मिटून घ्यायचे, तेव्हा ती विचारायची, "सुरुंग लावतानाही असेच मिटता का?"

जीभ तिखट होती, पण हात हलका होता, म्हणून लोक जीभ चालवून घेत. स्वतःचं सहसा चुकत नाही असा तिचा एक समज होता आणि खरं सांगायचं तर कामाच्या बाबतीत तो खोटाही नव्हता. दारातून आत आलेल्या माणसाची चाल बघून ती दुखणं निम्मं ओळखायची. खुर्चीवर बसताना कोण कशाचा आधार घेतं, बोलता बोलता कुणाचं वाक्य कुठे तुटतं, चपलेचा पट्टा कुणाच्या पायात रुतलाय, हे सगळं तिच्या नजरेत आपोआप भरायचं.

तीन वर्षांपूर्वी केंद्रात एक मोठा पडदा आला. हृदयाचे डॉक्टर त्या सगळ्या भागात एकही नव्हते. सगळ्यात जवळचे होते ते शहरात, बसने सात तासांवर. तिथल्या मोठ्या इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई दर गुरुवारी या पडद्यावरून पेशंट तपासणार, असं ठरलं. पडद्याबरोबर कॅमेरा आला, छातीला लावला की ठोक्यांचा आवाज तारेतून शहरात पोचवणारा स्टेथोस्कोप आला, आणि हृदयाची हलती चित्रं दाखवणारं, मुठीत मावेल एवढं एक यंत्र आलं. ते सगळं चालवायला सिस्टरला पंधरा दिवस शहरात, यंत्रांच्या कंपनीकडे शिकायला पाठवलं.

पहिल्या पहिल्या गुरुवारी गंमतच व्हायची. एक म्हातारा खास दाढी करून, गळ्यापर्यंत बटणं लावून आला आणि छाती तपासायची म्हटल्यावर ती बटणं उघडायला तयार होईना. एक आजी ओरडूनच बोलायच्या, कारण शहर लांब आहे. हळूहळू लोक सरावले. डॉक्टरांना बघायला कॅमेरा होता आणि ऐकायला तार, पण हात नव्हते. ते सिस्टरचे. "थोडं डावीकडे. अजून. आता दाबा, सोडू नका," पडद्यातून आवाज यायचा आणि सिस्टरचा हात त्या आवाजामागून चालायचा. दोघींची लय अशी जमली होती की कधीकधी डॉक्टरांनी सांगायच्या आत हात तिथे पोचलेला असायचा.

असं हे बाहेरचं. घरात मात्र सिस्टरची सोळा वर्षांपासून एक गाठ बसलेली होती.

घर दुमजली होतं. खाली सिस्टर आणि तिचा नवरा; तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर वाचायच्या कामावर होता. वर त्याचा मोठा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे सिस्टरची थोरली जाऊ. मोठा भाऊ शिंपीकाम करायचा. तो कापड बेतायचा, थोरली शिवायची. गावच्या शाळेचे सगळे गणवेश त्यांच्याच मशीनखालून गेलेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. सासूबाई होत्या तोवर त्या यावरून बोलायच्या, तेव्हा मोठे भाऊजी एकच सांगायचे की दोष माझ्यात आहे, तिला बोलू नका. हे सांगताना ते इतके शांत असायचे की पुढे कुणाला काही बोलता यायचं नाही.

सिस्टर लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा दोघी जावांचं चांगलं जमायचं. थोरली हिला "धाकटे" म्हणायची, ही तिला "जाऊबाई". थोरलीचं वागणं थोडं शाही आहे, एवढंच सिस्टरला खटकायचं. पायाने मशीन मारायच्या ऐवजी तिने कधीच मोटर बसवून घेतली होती. पाण्याची बादली ती वर नेत नसे, भाऊजी न्यायचे. आणि दर वर्षी एकदा नवरा-बायको कापड खरेदीला म्हणून शहरात जायचे ते तीन-तीन दिवस यायचे नाहीत. "कापडाचं दुकान आहे की कापडाचा डोंगर?" सिस्टर नवऱ्याला म्हणायची. नवरा हसून सोडून द्यायचा.

मग तो दिवस आला. सिस्टरची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. सिस्टर ड्यूटीवर, मुलगी थोरलीकडे. दुपारी फाटक उघडं राहिलं आणि पोर उताराने रस्त्याकडे धावत सुटली. थोरली मागे निघाली, पण फाटकापर्यंत जाऊन पायरीवर बसली. भाजीच्या हातगाडीवाल्याने पोरीला रस्त्याच्या कडेला पडलेली बघितली आणि उचलून आणली. हात मोडला होता. मागून दगडाचा ट्रक येत होता, असं तो म्हणाला.

सिस्टर धावत घरी आली तेव्हा थोरली अजून पायरीवरच होती. सिस्टरने पोरीचा हात फळीला बांधला, तिला खांद्यावर घेतलं आणि जाता जाता एक वाक्य बोलली.

"स्वतःची असती तर धावला असतात."

त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. स्वयंपाकघर आधीच वेगळं होतं, आता बोलणंही वेगळं झालं. निरोप द्यायचा तर नवऱ्यांमार्फत. मुलगी मात्र मोठी झाली तशी वर-खाली करत राहिली. काकू तिचे कपडे शिवायची, तिच्या परीक्षा विचारायची. त्याला कुणी आडकाठी केली नाही. बाहेरचा जिना सिस्टरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जायचा. थोरली वर जाताना बरोबर खिडकीपाशी थांबते, हे सिस्टरला फार जुनं ठाऊक होतं. आमच्या घरात काय बोलणं चाललंय ते ऐकते, असा तिने अर्थ लावला होता. पावलं थांबली की ती मुद्दाम नळ सोडायची, भांडी वाजवायची.

चार वर्षांपूर्वी मोठे भाऊजी गेले. सिस्टरने जे करायचं ते सगळं केलं. डबा पाठवला, आल्यागेल्याचं बघितलं, कागदपत्रं नवऱ्याकडून करून घेतली. पण समोरासमोर शब्द निघाला नाही. थोरली वर एकटी मशीन चालवत राहिली. शहरात जाणं बंद झालं. कापड आता एजंट आणून द्यायचा.

त्या सोमवारी थोरली गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत गेली होती. शाळेच्या ऑफिसात बोलता बोलता ती खाली बसली आणि मग आडवीच झाली. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाईंनी पाणी मारलं, तिला शाळेच्या गाडीत घातलं आणि आरोग्य केंद्रात आणलं. डॉक्टरची जागा तेव्हा रिकामीच होती. दारात सिस्टर.

थोरलीने तिला बघितलं आणि गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली, "मला घरी सोडा."

मोठ्या बाईंना घरातली गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी तिला धरून आत आणलं, पलंगावर बसवलं आणि शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. खोलीत दोघीच राहिल्या. सिस्टरने पलंगाशेजारचा पडदा ओढला. आपल्या आवाजाला काय झालंय हे तिचं तिलाच कळेना. तो रोजचा नव्हता.

"हे यंत्र इथे मला एकटीलाच चालवता येतं," ती म्हणाली. "माझा हात नको असेल तर तसं सांगा. मी शहराची चिठ्ठी देते."

"शहरात न्यायला आता कोण आहे?" थोरली म्हणाली. थोडा वेळ तिने श्वास गोळा केला. "कर तुझं काम."

सोळा वर्षांनी सिस्टरने तिचं मनगट धरलं. हात गार होता. नाडी म्हणावी तर हाताला लागत होती, पण तिला ताल नव्हता. दोन ठोके घाईघाईत, मग एक गाळलेला, मग पुन्हा तीन. सिस्टरने पूर्ण मिनिटभर मोजलं, मग आणखी एक मिनिट. ईसीजी काढताना तिने छातीवर चकत्या चिकटवल्या. थोरली छताकडे बघत होती. गालांच्या उंचवट्यावर हृदयाच्या दुखण्यात येते तशी एक जांभळट लाली होती. ती सिस्टरने हजारदा पाहिली होती. उन्हाचा रंग म्हणून सोडून दिली होती. दुसऱ्या कुणाच्या गालावर असती तर?

तिने ईसीजी शहरात पाठवला आणि फोन केला. डॉक्टरांनी दोन गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या, काय झालं तर तडक हलवायचं ते सांगितलं, आणि गुरुवारी सगळ्यांच्या आधी हिला बसवा म्हणाल्या. तीन दिवस गोळ्या वर नेऊन द्यायचं काम सिस्टरच्या नवऱ्याने केलं. मंगळवारी आणि बुधवारी सिस्टर घरी होती तेव्हा खिडकीपाशी पावलं थांबली नाहीत, कारण थोरली खाली उतरलीच नाही. आणि सिस्टरच्या लक्षात आलं की आपण ओट्यापाशी उभ्या राहून त्या पावलांची वाट बघतोय.

गुरुवारी सकाळी पडदा उजळला. डॉक्टरीणबाईंचा चष्मा नेहमीसारखा केसांत खोचलेला, मागे कपाटावर फायलींचा ढीग. सिस्टरने पेशंटची माहिती सांगितली. नातं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे तिला नंतर वाटलं. त्या वेळी जीभ रेटली नाही.

"ताई, मला नीट दिसतायत तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरू नका. आधी ऐकू, मग बोलू. सिस्टर, यांना डाव्या कुशीवर करा."

सिस्टरने थोरलीला कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली. तारेचा स्टेथोस्कोप छातीच्या खालच्या टोकाला धरला. पलीकडे डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. आवाज तुटत होता. खाणीच्या बाजूला सुरुंगाची वेळ असली की नेटचं असं व्हायचंच.

"मला अर्धंच येतंय. सिस्टर, तुमचा साधा स्टेथोस्कोप लावा आणि मला सांगा. श्वास सोडायला लावा त्यांना."

सिस्टरने कानात नळ्या घातल्या. पहिला ठोका टणक होता, दार आपटावं तसा. मग दुसरा. मग पुढच्या ठोक्याआधीच्या मोकळ्या जागेत खोल, घोगरी घरघर, लांबून ट्रक चढण चढतोय अशी. ती ऐकत राहिली. एवढा मोठा आवाज वरच्या मजल्यावर इतकी वर्षं चालू होता.

तिने ऐकलं ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि चित्रांचं यंत्र लावायला सांगितलं. नेट जरा सावरलं होतं. पडद्यावर करडी चित्रं हलू लागली. त्यात एक झडप होती. ती उघडताना पूर्ण उघडत नव्हती, टोकाशी अडकून वाकत होती. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं, मापं घेतली. मग थोरलीला उठवून बसवायला सांगितलं आणि प्रश्न विचारायला लागल्या.

"लहानपणी कधी घसा दुखून ताप, मग सांधे सुजले, असं काही?"

"हो. अकरा-बारा वर्षांची होते. दोन महिने अंथरुणात होते."

"जिना आहे घरी? चढताना धाप लागते?"

"लागते."

"किती पायऱ्यांनी?"

"आठ चढते, मग थांबते. मग सात. मग उरलेल्या."

आठवी पायरी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी होती. सिस्टरच्या हातात कागद होता, यंत्रासाठी थोरलीच्या छातीवर लावलेली जेली पुसायचा. तो तिने नुसताच धरून ठेवला.

"पळायला कधीपासून जमत नाही?"

थोरली पडद्याकडे बघत होती, सिस्टरकडे नाही. "शेवटची पळाले ती सतराव्या वर्षी," ती म्हणाली. "त्यानंतर नाही. एकदा पळायला गेले होते. दहा पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी आली. बसावं लागलं."

"मुलं?"

"नाहीत. एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवस राहिले तर जीव जाईल. वडिलांनी ते कुणाला कळू दिलं नाही. लग्न झाल्यावर मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, राहू दे आपल्या दोघांत. वर्षातून एकदा तपासायला न्यायचे. ते गेल्यापासून मी गेले नाही."

पडद्यावर डॉक्टर लिहीत होत्या. लिहून झालं तशी त्यांनी वर बघितलं. "सिस्टर, रक्तदाब परत एकदा घ्या." मग थोडं थांबून, "सिस्टर? आवाज येतोय का माझा? लाइन गेली का?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "लाइन आहे."

रक्तदाब घेतला. डॉक्टरांनी थोरलीला सोप्या शब्दांत समजावलं. झडप आखडली आहे, पण अजून चुन्यासारखी कडक झालेली नाही. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोकाशी असलेला फुगा फुगवून ती उघडता येईल. छाती कापायची गरज पडेल असं वाटत नाही. आधी काही आठवडे रक्त पातळ करायची गोळी, मग शहरात यायचं. सोबत कुणीतरी पाहिजे. "आहे का कुणी?"

थोरली म्हणाली, "बघते."

त्या दिवशी आणखी नऊ पेशंट होते. सिस्टरने सगळे केले. एकाच्या कागदावर दुसऱ्याचं वजन लिहिलं, ते खोडलं. बावीस वर्षांत असं तिच्या हातून झालं नव्हतं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. तो मीटरच्या नोंदींची वही मांडीवर घेऊन बसला होता, ती मिटून बाजूला ठेवली. "दादा म्हणायचा दोष माझ्यात आहे," तो म्हणाला. "आई किती बोलली त्याला. तो हसत ऐकायचा." तो उठून अंगणात गेला.

ऊन कलायच्या सुमाराला सिस्टर जिन्याने वर निघाली. बावीस पायऱ्या होत्या. आठवीवर ती थांबली आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघितलं. ओटा दिसत होता, नळ दिसत होता.

थोरली मशीनपाशी बसून एका सदऱ्याची काजं करत होती. तिने मान वर केली, पण सुई थांबवली नाही. सिस्टर दारातच उभी राहिली. बोलायचं ते खाली सगळं नीट जुळवून ठेवलं होतं; वर येईपर्यंत त्यातलं काहीच हाताशी राहिलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, आणि म्हणताच तिला कळलं की हा प्रश्नसुद्धा तक्रारच आहे.

थोरलीने दोरा दातांनी तोडला. "तू विचारलंस कुठे? तू सांगून मोकळी झालीस."

सिस्टर उंबऱ्यावर खाली बसली. तिच्यासारख्या बाईचं असं बसणं कुणी कधी पाहिलं नव्हतं. दारातून आत येणाऱ्या परक्या माणसाचा श्वास ती मोजायची, आणि एका छताखाली सोळा वर्षं एक बाई पायऱ्या मोजत चढत होती, तेव्हा ही नळ सोडत होती. ती हे सगळं बोलली. जसं आलं तसं बोलली, मध्ये मध्ये अडखळत. माफी हा शब्द तिला नीट म्हणता आला नाही, पण थोरलीला तो ऐकू आला असावा, कारण तिने सदरा बाजूला ठेवला.

"मी काही साधी नव्हते गं," थोरली म्हणाली. "मलाही ताणून धरायचं होतं. एक शब्द टाकला असता तर मिटलं असतं, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. पण म्हटलं, हिने मला असं ओळखलं ना? राहू दे तसंच. तुझी पोर वर यायची तेव्हा मला वाटायचं, बघ, मी जिंकले." ती थोडी थांबली, श्वासासाठी की शब्दासाठी ते कळलं नाही. "आणि तुला सांगितलं असतं तर तू मला लगेच पेशंट केलं असतंस. गोळी घेतली का, झोपलात का, हे करू नका. घरात मला कुणाचीतरी जाऊ राहायचं होतं."

सिस्टरला यावर हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. "आता तर झालातच ना पेशंट," ती म्हणाली. "गोळी घेतली का?"

"घेतली."

"खोटं बोलू नका. पाकिटात दुपारची तशीच आहे."

तीन आठवड्यांनी सिस्टरने रजा टाकली. बाळंतपणानंतरची तिची ही पहिली लांब रजा. दोघी बसने शहरात गेल्या. थोरलीला खिडकी आणि सिस्टरच्या मांडीवर औषधांची पिशवी. मुलगी तिथेच शिकत होती, ती स्टँडवर घ्यायला आली. आई आणि काकू एकाच बाकावरून उठून उतरताना बघून तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि शहाण्यासारखं काही न विचारता पिशवी हातात घेतली.

डॉक्टरीणबाई प्रत्यक्षात फारच ठेंगण्या निघाल्या. पडद्यावर फक्त तोंड दिसायचं, त्यामुळे सिस्टरने मनात त्यांना उंच करून ठेवलं होतं. त्या थोरलीचे कागद चाळत होत्या. सिस्टरने एक आकडा दुरुस्त करून सांगितला तेव्हा त्यांनी चटकन वर बघितलं. "अहो, तुम्ही! पेशंटला घेऊन इतक्या लांब आलात?"

"पेशंट माझी जाऊ आहे," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. तो गुरुवार त्यांना आठवला असावा. मग म्हणाल्या, "तरीच लाइन गेल्यासारखी वाटली मला."

फुग्याचं काम तासाभरात झालं. सिस्टरला आत जाऊ दिलं नाही. तिथल्या एका कोवळ्या नर्सला ती सलाइनचा थेंब किती ठेवायचा ते सांगायला गेली आणि त्या मुलीने तिला फार आदराने बाहेर काढलं. झडप उघडली, पण सगळी नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली वर्षं परत येणार नाहीत. नाडीचा ताल कदाचित असाच राहील, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि पुढे कधीतरी झडप बदलावी लागू शकेल. थोरलीने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता चालली आणि टोकाला जाऊन तिने मागे वळून नुसतं बघितलं.

घरी आल्यावर दोघी गळ्यात गळे घालून राहू लागल्या असं मुळीच नाही. सोळा वर्षांची भांडणं साठलेली होती. ती आता एकेक करून रीतसर होऊ लागली. गोळ्यांच्या वेळेवरून, मिठावरून, मशीन खाली आणायचं की वरच ठेवायचं यावरून. मशीन वरच राहिलं. थोरली आता पंधराव्या पायरीवर एकदाच थांबते. कधी खिडकीपाशी मुद्दाम थांबून आत डोकावते आणि कणीक सैल झालीय म्हणून सांगते.

सिस्टरच्या कामात मात्र एक फरक पडला. गुरुवारी बायकांना प्रश्न विचारायची वेळ आली की ती सोबतच्या माणसांना बाहेर बसवते, मग तो नवरा असो, आई असो की सासू. कुणी कुरकुर केली तर म्हणते, हा माझ्या खोलीचा नियम आहे. आणि आपल्या ओळखीची बाई असली की पडद्यावर पहिल्यांदा तेच सांगते, मग त्या बाईला विचारते की मी थांबू का.

वर्षभराने एक एकोणीस वर्षांची मुलगी आली. तीच झडप, तोच लहानपणचा ताप. लग्न ठरलेलं होतं. आई हात जोडून म्हणाली की हे कागदावर लिहू नका, आमच्यापाशी राहू दे. सिस्टरने समजावून पाहिलं. आता या दुखण्यावर किती करता येतं, मुलंसुद्धा नीट देखरेखीत होऊ शकतात, हे डॉक्टर स्वतः सांगतील म्हणाली. आई ऐकेना, मुलगी खाली मान घालून बसलेली. सिस्टरने मुलीला थोडं बाजूला घेऊन विचारलं, माझ्या जाऊबाईंशी बोलशील का? मुलीने होकाराची मान हलवली.

थोरलीला विचारलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली. मला काय बोलता येतं, मी शिवणारी बाई. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून खाली आली, केस विंचरून. मुलीला घेऊन ती केंद्राच्या मागच्या खोलीत बसली आणि दार लावून घेतलं. तासभर बसल्या. काय बोलणं झालं ते सिस्टरने विचारलं नाही आणि थोरलीनेही सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मुलगी आली ती एका तरुणाला घेऊन. लग्न ठरलंय तो मीच, असं त्याने दारातच सांगितलं. खोलीचा नियम कळल्यावर तो बाहेर बाकावर जाऊन बसला, पण मुलीनेच दार उघडून त्याला आत बोलावलं. त्याने कागदावर प्रश्न लिहून आणले होते, अकरा. डॉक्टरीणबाईंनी चष्मा केसांतून डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यापासून एकेक घ्यायला लागल्या. बाहेर रांग खोळंबली. खाणीतले दोघे-तिघे कुरकुरायला लागले तशी सिस्टर दार किलकिलं करून म्हणाली, "तुमचंही लग्न असं विचारून झालं असतं ना, तर आज तुमच्या बायका बोलल्या असत्या तुमच्याशी." आणि पुन्हा आत जाऊन यंत्राला जेली लावू लागली.